मुलगी, एकवीस किलो

परीक्षकाने आजवर एकाही गाडीला शंभरपैकी पंच्याऐंशी गुण दिले नव्हते, आणि हे तो अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, दोष गाड्यांचाच असणार. वाहनांच्या एका मासिकात एकोणीस वर्षं तो ‘कुटुंबासाठी’ नावाचं सदर लिहीत होता. नवी घेणाऱ्याने काय घ्यावं, जुनी घेणाऱ्याने काय टाळावं आणि ज्याला दोन्ही जमत नाही त्याने निदान वाचून मन कसं रमवावं, याची सोय त्यात असायची. गुणपत्रिका त्याची स्वतःची. दार लावताना कसा आवाज येतो त्याला दोन गुण, डिकीत सामान किती उंच उचलून टाकावं लागतं त्याला चार, मागच्या सीटला वीस. कप ठेवायच्या खाचेत कप डुगडुगला की अर्धा गुण कापलाच. कार्यालयात सगळे त्याला ‘मार्कवाले’ म्हणायचे. हे कौतुकाने म्हणतात असा त्याचा समज होता, आणि तो दूर करायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

अशा जाणकार माणसाच्या दारात जी गाडी उभी असायची तिचं वय होतं चौदा वर्षं. तिचं मागचं एक दार फक्त आतून उघडायचं, आणि काच वर करायची तर एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने तळहातांनी काच ढकलायची असा दोघांचा कार्यक्रम होता. परीक्षकाचं म्हणणं सरळ होतं. पंच्याऐंशी गुणांची गाडी बाजारात आली की त्याच दिवशी घेऊ. त्याच्या आधी घेणं म्हणजे स्वतःच्याच लेखणीशी बेइमानी. बायको पहिली काही वर्षं यावर हसली, मधली काही वर्षं भांडली, आणि आता ती नुसतं ‘बरं’ म्हणायची. नवऱ्यांच्या बाबतीत ‘बरं’ हा फार शेवटचा टप्पा असतो, पण त्याला गुणपत्रिकेत रकाना नसल्यामुळे परीक्षकाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

या आठवड्यात मात्र घोडं पुरतं अडलं होतं. एकुलती एक मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात चालली होती. अंतर चारशे किलोमीटर, मध्ये डोंगराचा रस्ता. पुढच्या सोमवारी तिचं कॉलेज सुरू होणार, म्हणजे या शनिवारी पहाटे निघायला हवं. सगळ्यांनी मिळून तिला सोडायला जायचं, असं आजीने जाहीर केलं होतं, आणि परीक्षकाच्या आईने जाहीर केलेल्या गोष्टीवर त्या घरात मतदान होत नसे. जुनी गाडी गॅरेजमध्ये दाखवली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि चकार शब्द न काढता हळूच परत लावलं. भाजी आणायला चालेल, असं तो नंतर म्हणाला, तेसुद्धा भाजी जवळच मिळत असेल तर.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायकोने टेबल पुसता पुसता निकाल दिला.

“गुरुवार संध्याकाळपर्यंत चौघांना नेईल अशी गाडी दारात हवी. नाहीतर मी बसची तीन तिकिटं काढते.”

“तीन?”

“हो, तीन. तू ये मागून, तुझ्या पोत्यांना घेऊन.”

मुलगी समोरच बसली होती. तिने फोनमधून डोकं वर काढलं नाही, पण आईला विरोधही केला नाही, आणि परीक्षकाला टोचलं ते नेमकं हेच. पोरगी घर सोडून जाणार आणि बाप तिला सोडायला नसणार, असं घडू शकतं हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. पण सवयीचा माणूस. त्याने लगेच ठरवलं की यावर उपाय एकच, गाड्यांची नीट तपासणी.

आता त्या पोत्यांचं सांगायला हवं.

दहा वर्षांपूर्वीपर्यंत परीक्षक प्रत्येक गाडीच्या चाचणीला घरच्यांना घेऊन जायचा. कुटुंबाची गाडी कुटुंबाने तपासावी, याहून शहाणपणाचा विचार कुठला? पण त्याची तऱ्हाच अशी होती की शहाणपणाचं मातेरं व्हायला वेळ लागायचा नाही. सीटची उंची वयस्कर माणसाला सोयीची आहे का, हे पाहायला त्याने एकदा आपल्या आईला एकाच गाडीत अकरा वेळा चढायला-उतरायला लावलं. बाराव्या वेळी आई उतरली ती थेट रिक्षा करून घरी गेली. बायको एका लांबच्या चाचणीत सहज म्हणाली की ही सीट पाठीला बोचते, तर पुढच्या अंकात छापून आलं, ‘स्थूल प्रवाशांना पाठीचा आधार अपुरा वाटू शकेल.’ आणि मुलीची तर कमाल झाली. आठ वर्षांची पोर, वळणावळणाच्या रस्त्यात तिला मळमळू लागलं. बापाने एका हाताने पिशवी पुढे केली आणि दुसऱ्या हाताने घड्याळ बघितलं. अंकात ठळक अक्षरांत आलं: ‘मागच्या सीटवरील बालप्रवासी बेचाळिसाव्या मिनिटाला ओकला. सस्पेन्शन: दहापैकी चार.’ वर्गातल्या कुणाच्या तरी वडिलांनी ते वाचलं, आणि पुढचं वर्षभर शाळेत तिचं नाव ‘बेचाळीस मिनिटं’ पडलं. त्या दिवसापासून तिघींनीही चाचणीच्या गाडीत पाय ठेवला नाही.

दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. परीक्षकाने वाळू आणली. तिघींची वजनं त्याला पाठ होती. तेवढ्या वजनाची पोती किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून भरली आणि प्रत्येकावर जाड कापडी चिठ्ठी शिवली. आई चौसष्ट किलोंची. एवढं एका पोत्यात उचलेना म्हणून आईची तीन पोती झाली. बायको सत्तावन्न, तिची दोन. मुलगी एकवीस किलोंची, ती एकाच पोत्यात मावली. तेव्हापासून दहा वर्षं हेच कुटुंब त्याच्याबरोबर फिरत होतं. पोती मागच्या सीटवर ओळीने बसायची, प्रत्येकाला पट्टा लावलेला असायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक टक लावून बघायचे. परीक्षकाला मात्र हे कुटुंब फार सोयीचं वाटू लागलं होतं. ते मळमळत नसे, बोचतंय म्हणत नसे, आणि घरी कधी जायचं हे विचारत नसे.

वजनाच्या बाबतीत मात्र तो खरोखर तयारीचा माणूस होता, हे मान्य करायला हवं. गाडीत दोन किलो कमी-जास्त झाले तरी स्टिअरिंगवर कळतं, असा त्याचा दावा होता. एकदा मासिकाच्या छायाचित्रकाराने त्याची खोड मोडायला डिकीत गुपचूप जुन्या अंकांचा गठ्ठा टाकला. पहिल्याच वळणावर परीक्षक म्हणाला, मागे पाच-सहा किलो कुणी टाकलंय? गठ्ठा साडेपाच किलो भरला. त्यानंतर छायाचित्रकाराने त्याची थट्टा करणं सोडलं, निदान तोंडावर. आणि आकडा मोठा करून सांगणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. एकोणीस पूर्णांक आठ म्हणजे एकोणीस पूर्णांक आठ; वीस म्हणणारे लोक त्याच्या लेखी भामटे.

तर सोमवारी सकाळी तो नव्या क्रॉसओव्हरच्या चाचणीला गेला. ही गाडी म्हणजे त्या हंगामातलं मोठं प्रकरण होतं. जीपसारखी उंच, मोटारीसारखी मऊ, आणि जाहिरातीत एक कुटुंब तिच्या काचेच्या छपरातून तारे बघत होतं. शोरूमच्या विक्रेत्याने, अंगात कडक सूट घातलेल्या तरुणाने, अर्धा तास फक्त त्या छपराचंच वर्णन केलं. परीक्षकाने त्याला शांतपणे बाजूला केलं आणि सहा पोती चढवली. सूटवाला बघतच राहिला. हे कोण, असं त्याने विचारल्यावर परीक्षक म्हणाला, घरचे.

दिवसभर गाडी फिरवली. खड्ड्यांतून नेली, चढावर थांबवून पुन्हा उचलली, भर वेगात ब्रेक मारून पाहिले. एसीचा वारा कमी करायलासुद्धा पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं याबद्दल दीड गुण कापला. लेन सोडली की गाडी टुणटुण करते आणि सोडली नाही तरी अधूनमधून करते, याचा एक गुण गेला. पण सस्पेन्शन सुरेख होतं, डिकीत चार मोठ्या बॅगा आडव्या बसत होत्या. आणि मागची सीट! मुलीच्या पोत्यासमोर वीतभर जागा उरत होती. परीक्षकाने पोत्याच्या पुढच्या कडेपासून पुढच्या सीटपर्यंत टेप लावून मोजलं, पुन्हा मोजलं. मागची सीट: वीसपैकी एकोणीस. संध्याकाळी त्याने बेरीज केली तेव्हा त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. पंच्याऐंशी.

त्याने संपादकाला फोन करून सांगितलं. संपादकाने काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

आता खरं तर प्रश्न मिटला होता. पण सदराचा नियम होता की नव्या गाडीशेजारी तिच्याच जातीची चार-पाच वर्षं जुनी गाडीही तपासायची, म्हणजे जुनी घेणाऱ्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं होत नाही. म्हणून मंगळवारी तो ‘सरां’कडे गेला.

सर म्हणजे जुन्या गाड्यांचे व्यापारी. आधी ते शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी मैदानाऐवजी हे अंगण घेतलं. सवय गेली नव्हती: अंगणात गाड्या उंचीप्रमाणे रांगेत उभ्या असत, छोट्या पुढे, मोठ्या मागे, आणि एखादी बोटभर पुढे आलेली दिसली की सर किल्ली घेऊन ती मागे सरकवत. गळ्यात अजून शिट्टी होती. गाडी मागे घेताना ते ती वाजवत.

त्यांनी दाखवलेली क्रॉसओव्हर पाच वर्षांची होती. परीक्षक डोळ्यांत तेल घालून कामाला लागला. टायरांवरच्या तारखा वाचल्या. एक टायर बाकीच्यांहून नवा, म्हणजे कधीतरी जोरदार आपटली असणार. पायाखालचा गालिचा उचलून गंज पाहिला, पट्टे पुरते बाहेर ओढून ओलीचे डाग पाहिले, स्टेपनीच्या खड्ड्यात बॅटरी मारली. गाडी पाण्यात बुडालेली नव्हती. सर्व्हिस बुकात दोन वर्षं कोरी होती. पुढच्या सीटच्या पाठीवर, मागून, छोट्या बुटांचे ठसे होते, घासूनही न गेलेले. कुणाचं तरी पोर तिथे बसून वर्षानुवर्षं लाथा झाडत होतं. परीक्षकाने तीन गुण कापले. छप्पर साधं, पत्र्याचं. काच नाही, तारे नाहीत. त्याचे चार गुण गेले. बेरीज आली सहासष्ट.

तोवर सर मागच्या दारापाशी उभे राहून सीटवर चढवलेल्या पोत्यांकडे बघत होते. चिठ्ठ्या त्यांनी मोठ्याने वाचल्या. मग विचारलं, घरची माणसं का नाही आणली? परीक्षकाने दहा वर्षं तयार असलेलं उत्तर दिलं, की माणसांची मतं बदलतात, वजन बदलत नाही.

“असं?” सर म्हणाले. “मुलगी केवढी आहे आता?”

“अठरा पूर्ण झाली.”

“वय नाही हो. उंची.”

परीक्षकाने हात पुढे केला, तळवा जमिनीकडे करून, आणि तो हवेत कुठेतरी बरगड्यांपाशी थांबला. मग तो थोडा वर गेला, खांद्यापर्यंत. मग आणखी थोडा. तीस वर्षं पोरांना उंचीप्रमाणे उभं करण्यात घालवलेल्या माणसासमोर तो हात अधांतरी लोंबकळत राहिला. सरांनी खिशातून रुमाल काढून काचेवरचा नसलेला डाग पुसला, आणि एवढंच म्हणाले की ठरलं नाही तर फोन करा, मी गुरुवारी रात्री आठपर्यंत असतो.

बुधवारी संध्याकाळी नवी क्रॉसओव्हर परीक्षकाच्या दारात उभी राहिली. शोरूमने एक दिवस दिली होती. परीक्षकाने तिघींना खाली बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा असा होता की जणू गाडी त्यानेच घडवली. पंच्याऐंशी, असं तो जिन्यातच दोनदा म्हणाला. बायकोने ‘बरं’ म्हटलं, पण त्यात थोडी उत्सुकता होती, हे कबूल करायला हवं. आजी तर अकरा वेळांचा इतिहास विसरून पहिल्या फटक्यात आत बसली. बायको तिच्या शेजारी बसली. मग मुलगी वाकली, आत शिरली, सरळ बसायला गेली, आणि टक् असा आवाज आला.

तिचं डोकं छपराला लागलं होतं. काचेसाठी छपराच्या आत जी जाड चौकट बसवतात, ती नेमकी तिथेच खाली आली होती. तिने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला करून पाहिली. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुतले होते. वीतभर सोडा, तिथे बोट शिरलं नसतं.

“बाबा, सहा तास असं बसायचं?” मान वाकडीच ठेवून तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

परीक्षकाने टेप काढली. हात सवयीने चालत होते, पण टेपचं टोक तिच्या डोक्याशी नेऊन त्याने ती तशीच मिटली. मोजायला उरलं काय होतं? पोत्याला डोकं नसतं. पोत्याला गुडघे नसतात. दहा वर्षं, जवळजवळ सव्वाशे गाड्या, लाखभर वाचक, आणि हा माणूस बिनडोक्याच्या मुलीला मागे बसवून जगाला सांगत होता की जागा ऐसपैस आहे. मागे एका वाचकाने पत्र लिहिलं होतं, तुम्ही सुचवलेल्या गाडीत माझ्या मुलाचं डोकं टेकतं. ‘कुटुंबासाठी’ने त्याला छापील उत्तर दिलं होतं: मुलाला बसण्याची पद्धत सुधारायला सांगावी. ते उत्तर परीक्षकाला आता शब्दन् शब्द आठवलं, आणि त्याचे कान तापले.

“तिला तू मागच्या सीटवर शेवटची कधी बसलेली बघितलीस?” बायकोने विचारलं. ती भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मुलगी गाडीतून बाहेर आली आणि कंबर सरळ करून उभी राहिली. परीक्षकाला तिच्याशी बोलायला किंचित वर बघावं लागलं. हे किती दिवस चाललं होतं? रोज सकाळी ती त्याच्यासमोरून डबा घेऊन जायची, तेव्हा तो चहा पिता पिता कुठल्या तरी गाडीचे दरवाजे किती अंशांत उघडतात ते वाचत असायचा.

जागा करायला त्याने पोती काढून जिन्याखाली ठेवली होती. मुलीची नजर तिकडे गेली. तिने जाऊन चिठ्ठ्या पाहिल्या. आजी तीन पोत्यांत आहे हे वाचून ती हसली. मग सगळ्यात छोट्या पोत्याजवळ बसली. चिठ्ठीवरचं अक्षर उडालं होतं, तरी वाचता येत होतं: मुलगी, २१.

“ही मी?”

“हो.”

तिने दोन्ही हात खाली घालून ते उचललं, तान्ह्या बाळाला घेतात तसं. तिच्या शर्टाला वाळू लागली. पोत्याच्या मधोमध पट्टा घासून घासून कापड झिजलं होतं, तिथून तिने बोट फिरवलं.

“मला पट्टा लावायचास?”

“नेहमी,” परीक्षक म्हणाला. “अगदी कोपऱ्यावर जायचं असलं तरी.”

परीक्षकाला एकदम भडभडून आलं. माफी मागायची होती, दहा वर्षांची, बेचाळीस मिनिटांची, सगळ्याची. पण तोंडातून निघालं ते असं की काच नसलेलं छप्पर सहा सेंटिमीटरने जास्त उंच असतं. बायकोने कपाळाला हात लावला. मुलगी मात्र पोतं खाली ठेवत म्हणाली, मग ती गाडी बघू की.

गुरुवारी साडेसात वाजता चौघंही सरांच्या अंगणात होती. परीक्षकाने टेप घरी ठेवली होती, आणि तिच्याशिवाय हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मुलगी मागे बसली. डोकं टेकलं नाही, पण गुडघे लागले. सरांनी शिट्टी तोंडात धरली, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढच्या दाराकडे बोट केलं. ती पुढे, परीक्षकाच्या शेजारच्या सीटवर बसली, सीट मागे सरकवली, पाय पसरले. मागे आजी आणि बायको आरामात मावल्या. शनिवार-रविवार घेऊन जा, सर म्हणाले, पसंत पडली तर सोमवारी कागद करू. परीक्षकाने सहासष्ट गुणांच्या गाडीची किल्ली घेतली. लेखणीशी बेइमानी वगैरे त्याला त्या वेळी काही आठवलं नाही. त्याच रात्री त्याने नव्या गाडीचा लेख उघडून मागच्या सीटचे गुण एकोणीसवरून सातवर आणले, आणि खाली एक ओळ घातली: ‘घेण्याआधी घरातलं सगळ्यात उंच माणूस मागे बसवून पाहावं. पोतं चालणार नाही.’ ही शेवटची सूचना कुणासाठी आहे, हे संपादकाला कळलं नाही, पण त्याने ती ठेवली.

शनिवारचा प्रवास झाला. कप डुगडुगला, उजव्या बाजूने कुठेतरी वारा शिट्टी घालत होता, आणि चढावर गाडी जरा धापा टाकत होती. परीक्षकाने यातल्या कशाचीही नोंद केली नाही, कारण मुलगी बोलत होती. सहा तास बोलत होती. खोलीत कोण असेल, आपल्याला तिथे कुणी ओळखत नाही याची भीती वाटते आणि मजाही वाटते, असं काय काय. एका वळणावर समोरून ट्रक आला, परीक्षकाने ब्रेक दाबला आणि त्याचा एक हात आपोआप आडवा तिच्यापुढे गेला. “बाबा, पट्टा लावलाय,” ती म्हणाली. बेचाळिसावं मिनिट केव्हा गेलं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

वसतिगृहाच्या दारात डिकीतलं सामान मुलीनेच उतरवलं. आजी रडली, बायको रडली नाही पण तिने मुलीच्या गाद्या-उशा तीन वेळा नीट केल्या. परीक्षक खोलीतला पंखा, खिडकीची कडी आणि दाराचं कुलूप तपासत होता. गुण द्यायचा मोह त्याने आवरला. दरम्यान मुलगी खाली जाऊन आली. निघायची वेळ झाली, तिने त्याला मिठी मारली, आणि यावेळी त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर आली.

खाली येऊन त्याने गाडीचं दार उघडलं, तर शेजारच्या सीटवर पोतं बसलं होतं. ते डिकीत होतं हे त्याला माहीतच नव्हतं. तिने निघताना आपल्या बॅगांखाली दडवलं असणार, आणि तिच्या बोलण्याच्या नादात ते एकवीस किलो त्याला स्टिअरिंगवरही जाणवले नव्हते. पट्टा नीट लावला होता. जुनी चिठ्ठी निळ्या पेनने खोडली होती आणि तिच्याखाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: मुलगी, ५६. खाली आजची तारीख.

वर खिडकीत ती उभी होती. “परत जाताना गाडी हलकी लागते म्हणशील,” ती वरून म्हणाली, “म्हणून.”

परत येताना मागे दोघी झोपून गेल्या. डोंगर उतरताना प्रत्येक वळणावर परीक्षकाला स्टिअरिंगमध्ये स्पष्ट कळत होतं की शेजारी छप्पन्न किलो नाहीत. पस्तीस किलो कुठेतरी मागे राहिले होते. दोनदा त्याचा हात आडवा पुढे गेला, आणि दोनदा त्याने तो पोत्यावर तसाच ठेवला.

घरी पोचल्यावर बायकोने आजीला हात देऊन उतरवलं. परीक्षकाने पट्टा सोडला आणि पोतं कडेवर घेतलं. ते तो जिन्याखाली ठेवणार असं तिला वाटलं होतं, पण तो सरळ वर निघाला, तेव्हा तिने थांबून विचारलं.

“जड आहे का रे? किती आहे?”

एकवीस, त्याचे हात सांगत होते. वीस पूर्णांक नऊसुद्धा असेल, इतक्या वर्षांत थोडी वाळू गळली असणार.

“छप्पन्न,” परीक्षक म्हणाला, आणि पोतं दोन्ही हातांनी सांभाळत मुलीच्या खोलीकडे जिना चढू लागला.